डाऊन सिंड्रोम आणि हृदयातला एव्हीएसडी: ‘वजन वाढू द्या, मग बघू’ हा सल्ला का ऐकू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाळ ७ आठवड्यांचे, डाऊन सिंड्रोमचे निदान पक्के. जन्मल्यावर तपासणीत हृदयात कुठलाही आवाज ऐकू आला नव्हता, रंगही चांगला होता. तरी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला आणि त्यात ‘कम्प्लीट एव्हीएसडी’ (हृदयाच्या मधल्या भागातला जन्मजात दोष) निघाला. ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन सांगितले आहे. घरची मोठी माणसे म्हणतात, एवढ्याशा जिवाला कशाला, वर्षभर थांबू, जरा अंग धरू दे. थांबले तर नक्की काय बिघडते? आणि तोवर घरी काय सांभाळायचे?

आधी उत्तर: वर्षभर थांबू नका. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळात मोठा एव्हीएसडी असेल तर ऑपरेशन ६ महिन्यांच्या आत व्हायला हवे. बाळ ठीक दिसते म्हणून हा काळ वाढत नाही. उलट कधीकधी ‘आता बरे दिसते’ हेच बिघाडाचे लक्षण असते.

डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण निम्म्या बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. इतर बाळांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. डाऊनच्या बाळांत सर्वांत जास्त आढळतो तो एव्हीएसडी. त्याखालोखाल व्हीएसडी म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधले छिद्र, मग एएसडी म्हणजे वरच्या कप्प्यांमधले छिद्र, उघडी राहिलेली पीडीए ही रक्तवाहिनी आणि टेट्रालॉजी म्हणजे चार दोष एकत्र असलेला, निळेपणा आणणारा विकार. कम्प्लीट एव्हीएसडीमध्ये हृदयाचा मधला भागच तयार झालेला नसतो. वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र, खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र, आणि डावी-उजवी अशा दोन वेगळ्या झडपांऐवजी दोन्ही बाजूंना मिळून एकच सामाईक झडप. हा दोष औषधाने भरत नाही आणि वयाबरोबर आपोआप बुजतही नाही. लहान व्हीएसडी बुजू शकतो. ‘आमच्या ओळखीच्या मुलाचे होल आपोआप बंद झाले’ हे खरे असले तरी तो वेगळा दोष असतो.

जन्मतः आवाज का ऐकू आला नाही, हे समजले की पुढचे सगळे समजायला सोपे जाते. हा आवाज म्हणजे मर्मर. तो ऐकू येतो तो छिद्रातून रक्त जोरात उसळते म्हणून, आणि रक्त उसळायला दोन बाजूंच्या दाबात फरक असावा लागतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब डाव्या बाजूइतकाच असतो. छिद्र कितीही मोठे असो, रक्त शांतपणे इकडेतिकडे होते, आवाज होत नाही आणि बाळाला धाप लागत नाही. पहिल्या ६ ते ८ आठवड्यांत या रक्तवाहिन्या सैल होतात, तसे डावीकडचे रक्त फुप्फुसांकडे धावू लागते. डाऊनच्या बाळांत त्या अनेकदा उशिरा सैल होतात, म्हणून शांततेचा काळही लांबतो.

म्हणूनच डाऊन सिंड्रोमचे निदान झालेल्या प्रत्येक बाळाचा इको पहिल्या महिन्यातच करायचा असतो. आवाज असो वा नसो, गर्भातल्या सोनोग्राफीत हृदय नीट दिसलेले असो वा नसो. जन्मल्यावर हातापायाला लावून पाहिलेले ऑक्सिजनचे सॅच्युरेशन ९५ च्या वर आले म्हणून एव्हीएसडी नाही, असे म्हणता येत नाही. ती चाचणी निळेपणा आणणारे दोष पकडण्यासाठी आहे. ईसीजीचा मात्र उपयोग होतो: एव्हीएसडीमध्ये विद्युतप्रवाहाची दिशा वर आणि डावीकडे झुकलेली दिसते, आणि बाळ अगदी शांत असतानाही ही खूण सापडते. पण ईसीजी इकोची जागा घेत नाही.

तुमच्याकडे इकोचा अहवाल आहे, तर पुढच्या भेटीत चार गोष्टी विचारून घ्या. पहिली, एव्हीएसडी ‘बॅलन्स्ड’ आहे का, म्हणजे खालचे दोन्ही कप्पे पुरेशा आकाराचे आहेत का. डाऊनच्या बाळांत बहुतेक वेळा ते असतात, आणि तसे असले तर पूर्ण दुरुस्ती होऊ शकते. एक कप्पा फार लहान असेल तर शस्त्रक्रियेचा मार्गच वेगळा होतो आणि त्यात डाऊनच्या मुलांना धोका जास्त असतो. दुसरी, सामाईक झडप किती गळते. तिसरी, बरोबर आणखी काही आहे का: टेट्रालॉजी, पीडीए, महाधमनीचा अरुंद भाग. चौथी, फुप्फुसांतला दाब किती आणि प्रवाह कुठल्या दिशेला आहे. हे चारही मुद्दे अहवालात असतात, पण कोणी समजावून सांगितल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही.

आता थांबल्याने काय होते ते. फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्या कमी दाबासाठी बनलेल्या असतात. तिथला दाब एरवी शरीरातल्या दाबाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकाच असतो. मोठ्या छिद्रामुळे त्यांच्यावर पूर्ण दाबाने आणि दुपटी-तिपटीने रक्त आदळत राहते. काही महिन्यांत या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊ लागतात आणि आतली वाट अरुंद होते. सुरुवातीला हा बदल मागे फिरतो, नंतर फिरत नाही. हे कोणत्याही बाळात होते, पण डाऊनच्या बाळात लवकर होते. त्यांच्या फुप्फुसांत वायुकोश कमी असतात. घशाची व श्वासनलिकेची वाट अरुंद आणि सैल असते, त्यामुळे झोपेत ऑक्सिजन कमी पडतो. दूध थोडेथोडे श्वासमार्गात जाते, छातीचे संसर्ग वारंवार होतात. यातले प्रत्येक कारण त्या रक्तवाहिन्यांना आणखी आवळते. इतर मुलांत जे नुकसान दीड-दोन वर्षांनी दिसते, ते इथे पहिल्या वर्षाच्या आतच कायमचे होऊ शकते.

आणि याच टप्प्यावर घरचे फसतात. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत धापा टाकणारे, दूध अर्धवट सोडणारे, घामेजणारे बाळ सातव्या-आठव्या महिन्यात हळूहळू शांत होते. श्वास मंदावतो, कपाळावरचा घाम जातो, वजन वाढते, आवाजही कमी होतो. सगळ्यांना वाटते, बरे झाले ऑपरेशन केले नाही ते. प्रत्यक्षात फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे तिकडे रक्त जायचे कमी झालेले असते. पुढे प्रवाह उलटतो, अशुद्ध रक्त डावीकडे मिसळू लागते, आधी रडताना आणि मग एरवीही ओठ-नखे निळी पडतात. याला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. ही स्थिती आली की छिद्र बंद करता येत नाही. दाबाखाली दमलेल्या उजव्या कप्प्याला ते छिद्र हीच सुटकेची वाट असते, आणि ती बुजवली तर तो कप्पा निकामी होतो. मग उरतात फुप्फुसांतला दाब थोडा उतरवणारी औषधे. त्यांनी त्रास कमी होतो, दोष तसाच राहतो.

‘वजन वाढू द्या’ या म्हणण्यात एक मोठी चूक आहे. या बाळाचे वजन हृदयामुळेच वाढत नसते. जी शक्ती वाढीला लागायची ती श्वास घेण्यात खर्च होते. वजन वाढण्याची वाट पाहून ऑपरेशन लांबवले तर दोन्ही गोष्टी हातच्या जातात. साधारण ४ ते ५ किलो वजनाच्या बाळांवर ही शस्त्रक्रिया नेहमी होते. बाळ त्याहून बरेच लहान असेल आणि औषधांना दाद देत नसेल, तर काही वेळा आधी फुप्फुसांकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीभोवती पट्टी बांधून प्रवाह कमी करतात आणि पूर्ण दुरुस्ती नंतर करतात. ही तात्पुरती सोय आहे, पण फुप्फुसे वाचवते. तारीख पुढे ढकलण्याचे एक रास्त कारण मात्र आहे: छातीचा ताजा विषाणूसंसर्ग. अशा वेळी बाळाची स्थिती परवानगी देत असेल तर ४ ते ६ आठवडे थांबतात, कारण सुजलेल्या फुप्फुसांसह हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनदरम्यान हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रावर) घेतले तर नंतर फुप्फुसांतला दाब उसळण्याचा धोका वाढतो.

ऑपरेशनपर्यंतचे हे आठवडे घरी नीट काढणे हे निम्मे उपचार आहेत. त्यात सगळ्यात अवघड असते दूध.

गणित पाहा. निरोगी तान्ह्या बाळाला दर किलोमागे दिवसाला साधारण १०० ते ११० कॅलरी पुरतात. या बाळाला १२० ते १५० लागतात. ४ किलोच्या बाळासाठी हे झाले ४८० ते ६०० कॅलरी. आईच्या १०० मिली दुधात सुमारे ६७ कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला ७२० ते ९०० मिली दूध पोटात जायला हवे. धाप लागलेल्या, स्नायू सैल असलेल्या बाळाला ते ओढणे जमत नाही. तेच दूध काढून, डॉक्टरांनी सांगितलेले फोर्टिफायर (कॅलरी वाढवणारी पावडर) मोजून मिसळून १०० मिलीला ८० कॅलरी केले, तर ६०० ते ७५० मिलीत काम भागते. हे मिश्रण अंदाजाने करू नका. पावडर जास्त झाली तर जुलाब लागतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, पाणी जास्त झाले तर बाळ उपाशी राहते.

प्रत्येक वेळी तोंडाने पाजणे २० ते ३० मिनिटांत आटपा. त्यापुढे बाळ जितके पिते त्याहून जास्त पिण्यातच खर्च करते. डोके वर राहील असे धरा, हनुवटीखाली एका बोटाचा हलका आधार द्या म्हणजे जबडा सुटत नाही, आणि दर अडीच-तीन तासांनी थोडेथोडे पाजा. उरलेले दूध नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने द्यायला सांगितले तर घाबरू नका. नळी लावणे म्हणजे बाळ हरले असे नाही, उलट त्यामुळे ऑपरेशनपर्यंत अंग टिकते. पिताना खोकला येणे, घशात घरघर, पाजल्यावर आवाज ओला येणे, वारंवार न्यूमोनिया, यातले काही दिसले तर दूध श्वासमार्गात जात असण्याची शक्यता आहे. डाऊनच्या बाळांत ते खोकला न येताही जाते, म्हणून गिळण्याची तपासणी करायला सांगा.

घरी एक वही ठेवा. वजन त्याच काट्यावर, त्याच वेळी, कपडे काढून, पाजण्याआधी. या वयात दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. हृदयरोगात १५ च्या आसपास मिळाली तरी काम चालते, पण आठवडाभर वजन जागचे हलले नाही तर लगेच कळवा. एकदम फार वाढले आणि पापण्या सुजल्या, श्वासही वाढला, तर ते वजन मांसाचे नाही, अंगात साठलेल्या पाण्याचे आहे. श्वास मोजायचा तो बाळ गाढ झोपलेले असताना, पोटाची हालचाल बघत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळाचा श्वास एकसारखा नसतो. झोपेतही ६० च्या वर राहतो, बरगड्यांखाली खळगे पडतात, पिताना कपाळावर गार घाम येतो, ५ मिनिटे ओढून बाळ थकून झोपते आणि तासाभरात भुकेने उठते, ही हृदयावर ताण वाढल्याची चिन्हे आहेत. औषधांची मात्रा बदलावी लागेल किंवा तारीख अलीकडे आणावी लागेल.

औषधांत साधारणपणे फ्युरोसेमाइड असते, जोडीला स्पायरोनोलॅक्टोन, आणि बऱ्याचदा कॅप्टोप्रिल किंवा एनालाप्रिल. पहिली दोन अंगातले जास्तीचे पाणी काढतात, तिसरे हृदयाचा पुढचा भार हलका करते. इथे होणारी घातक चूक एकच, आणि ती मिलिग्रॅम व मिलिलिटर यांच्या गोंधळाची. उदाहरण घ्या: फ्युरोसेमाइडचा एक डोस किलोमागे १ मिलिग्रॅम ठरला, बाळ ४ किलोचे, म्हणजे ४ मिलिग्रॅम. बाटलीवर ‘१ मिलीत १० मिलिग्रॅम’ लिहिले असेल तर द्यायचे ०.४ मिली. ‘चार’ एवढेच लक्षात ठेवून ४ मिली दिले तर दहापट डोस गेला. १ मिलीची सिरिंज वापरा, त्यावर योग्य रेघेला खूण करा, आणि नवी बाटली आणली की तीव्रता पुन्हा वाचा, ती कंपनीनुसार बदलते. औषधानंतर उलटी झाली तर मनाने दुसरा डोस देऊ नका.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या, बाळ पीत नाही, लंगोट कोरडे राहतात, अशा वेळी हीच औषधे मूत्रपिंडांना इजा करू शकतात. त्याच दिवशी फोन करून औषधे थांबवायची का ते विचारा. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारूनच, आयबुप्रोफेन नको. आणि घरात ऑक्सिजनची सोय असली तरी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय लावू नका. ऑक्सिजनने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैल होतात, तिकडचा प्रवाह आणखी वाढतो आणि बाळाची धाप वाढू शकते.

सोबत टेट्रालॉजी असेल तर एक गोष्ट वेगळी शिकून ठेवा. रडता रडता बाळ एकदम गडद निळे पडले, श्वास खोल आणि जोरात होऊ लागला, तर गुडघे छातीशी दाबून धरा, शांत करा आणि तसेच रुग्णालयाकडे निघा.

लसी थांबवू नका. न्यूमोकोकल वेळेवर, ६ महिन्यांनंतर इन्फ्लुएंझा, आणि उपलब्ध असेल तर आरएसव्ही या छातीचा संसर्ग करणाऱ्या विषाणूविरोधी इंजेक्शन. घरातल्या सर्वांनीही फ्लूची लस घ्यावी, सर्दी झालेल्याने बाळाला उचलू नये. ऑपरेशनमध्ये रक्त दिले गेले असेल तर गोवरासारखी जिवंत लस काही महिने लांबते. किती ते कोणते रक्तघटक दिले त्यावर ठरते, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर त्याची नोंद मागून घ्या.

ऑपरेशनआधी थायरॉइडची तपासणी झालेली असलीच पाहिजे. जन्मतः नॉर्मल आली होती एवढ्यावर भागत नाही, डाऊनच्या बाळांत थायरॉइड नंतरही मंदावते आणि ते सुस्ती व कमी वजनाचे वेगळे कारण असू शकते. भूलतज्ज्ञांना बाळाच्या घशातून घरघर येते का, झोपेत श्वास अडतो का हे आवर्जून सांगा. या बाळांची श्वासनलिका अरुंद असते, त्यामुळे श्वासासाठी घालायची नळी नेहमीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने लहान लागू शकते. मान जास्त वळवायची नसते, कारण मणक्यांचे सांधे सैल असतात. भुलीच्या सुरुवातीला हृदयाचे ठोके मंदावण्याची शक्यताही जास्त असते. अनुभवी पथकाला हे माहीत असते, तरी तुम्ही सांगितलेल्या एका वाक्याचा उपयोग होतो.

शस्त्रक्रियेत छाती मधोमध उघडून, हृदय थांबवून, एक किंवा दोन पॅचने छिद्रे बंद करतात आणि सामाईक झडप विभागून डावी-उजवी करतात. डाव्या झडपेतली फट टाक्यांनी मिटवतात. डाऊन सिंड्रोम असल्यामुळे या ऑपरेशनचा धोका वाढतो असा समज अजून आहे. बॅलन्स्ड एव्हीएसडीबाबत तो चुकीचा आहे. उलट या मुलांच्या झडपेचे ऊतक अनेकदा दुरुस्तीला चांगले सापडते आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण थोडे कमी आढळते. पण ऑपरेशननंतरचे दिवस लांबतात: फुप्फुसांतला दाब अचानक उसळणे, श्वासाची नळी काढल्यावर घशाला सूज, छातीत दुधासारखा द्रव साचणे, संसर्ग. हृदयाची विद्युतवाहिनी छिद्राच्या कडेजवळून जाते, त्यामुळे थोड्या बाळांत ठोके अडतात. ते ७ ते १० दिवसांत परतले नाहीत तर पेसमेकर बसवतात.

घरी आल्यावर सुमारे ६ आठवडे बाळाला काखेत हात घालून उचलू नका. एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली घेऊन, पाळण्यातून ओंजळीने उचलावे तसे उचला. आलेल्या पाहुण्यांना, आजी-आजोबांनाही हे करून दाखवा. जखम लाल होणे, पाणी येणे, ताप, पुन्हा दूध सोडणे यासाठी थांबायचे नाही. पहिले ६ महिने दात काढणे वगैरे असेल तर आधी अँटिबायोटिक लागते. एरवी दात घासण्याची सवय याहून महत्त्वाची आहे, हृदयाचा संसर्ग अनेकदा तोंडातून सुरू होतो.

नंतरच्या इकोंमध्ये मुख्यतः पाहिली जाते डावी झडप. ती पुढे गळू लागते आणि काही मुलांना वर्षांनंतर दुसरे ऑपरेशन लागते, म्हणून ‘आता बरे आहे’ म्हणून वार्षिक भेट सोडायची नाही. घोरणे, झोपेत श्वास थांबणे दिसले तर लगेच, आणि काही दिसले नाही तरी ४ वर्षांच्या आत झोपेची चाचणी करून घ्या. हृदय नीट दुरुस्त झालेल्या मुलातही रात्रीचा ऑक्सिजन कमी पडत राहिला तर फुप्फुसांतला दाब पुन्हा चढतो, आणि तिथे टॉन्सिल-अॅडिनॉइड काढण्याचे साधे ऑपरेशन हृदयाच्या औषधांपेक्षा जास्त काम करते.